शिडीवरची ताई

८ जानेवारी

मामा,

आईला न सांगता लिहितेय. दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे स्टुलावर बसून. मालक जेवायला गेलेत, तेवढ्यात संपवायचंय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू इथून गेल्याला दोन महिने झाले. फोन करायचा म्हटलं तर माझं काय होतं ते तुला माहितीये. फोन कानाला लावला की गळा बंद. शाळासुद्धा त्यापायीच सुटली. नववीत बाई हजेरी घ्यायच्या, मी समोर बसलेली, पण 'हजर' तोंडातून निघायचं नाही, आणि त्या गैरहजर लावायच्या. वर्षभर मी शाळेत जाऊन गैरहजर होते. आता पुढच्या महिन्यात सतरा पूर्ण होतील. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांच्या कॉलरला नंबराच्या चिंध्या टाचते. कपडे हजेरी घेत नाहीत.

आज सकाळी सातला आईने रेडिओ लावला. मी पांघरुणातून बघत होते. तुझ्या कार्यक्रमाच्या जागी नुसती गाणी. एकामागून एक, मधे कोणी बोलतच नाही. आईने दोन गाणी ऐकली आणि बंद केला. मला जागी बघून म्हणाली, "सेल संपतील." मामा, आपला रेडिओ विजेवर चालतो.

ती तुझं नाव काढत नाही. बाबा गेले त्या वर्षी तू पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिलास, आई पहिल्या रांगेत बसली होती, तुझा शर्ट तिनेच इस्त्री करून दिलेला. आणि तू म्हणालास, "आमच्या भावोजींना सगळीकडे उशीर व्हायचा, मरायची तेवढी घाई केली." आई पर्स उचलून निघाली. दुसऱ्या दिवशी तू आलास तर दारातूनच म्हणाली, "माझा नवरा तुझ्या टाळ्यांसाठी मेला नाही." तेव्हापासून तुझा विषय बंद. मला पण सांगून ठेवलंय, त्याला काही कळवायचं नाही.

पण मला पत्र लिहायची सवय तूच लावलीस ना. अकरा वर्षांची होते तेव्हापासून तुझ्या कार्यक्रमाला श्रोत्यांची पत्रं लिहून देत होते. खरी यायची आठवड्याला दोन, लागायची दहा. रात्रपाळीची नर्स मी, रिटायर पोस्टमन मी, 'एक दुःखी सून' पण मीच. त्या सुनेला कोणीतरी रेडिओ स्टेशनवर स्वेटर पाठवला होता. अजून घालते मी तो.

आईची एक गंमत सांगते, तुला करमेल. आपल्या लिफ्टमधे नवीन मशीन बसवलंय. आतून एक बाई बोलते, "कृपया दरवाजा बंद करा." आई रोज तिला उत्तर देते. "लावतेय गं, दोन पिशव्या आहेत हातात, दिसत नाही का?" परवा मशीन बिघडलं, बाई बोललीच नाही. आई चौथ्या मजल्यापर्यंत गप्प. घरात आल्यावर म्हणाली, "आज बरं नाही वाटतं तिला."

मालक आले.

तुझी,
गोगलगाय


१५ जानेवारी

गोगलगाय,

तुझं पत्र जिन्यात उभ्याने वाचलं, मग खोलीत बसून वाचलं, मग पालथं घालून आणखी काही लिहिलंयस का तेही बघितलं.

माझं विचारशील तर मजेत. बघ, पहिलंच वाक्य खोटं. एकोणीस वर्षांची सवय आहे, 'सुप्रभात मंडळी, काय सुंदर सकाळ आहे' असं खिडकी नसलेल्या खोलीतून म्हणायची.

तुला मी सांगितलं की राजीनामा दिला. तसं नाही. मला बोलावून सांगितलं की सकाळचा स्लॉट आता कॉम्प्युटर सांभाळेल. मी म्हटलं, कॉम्प्युटर गप्पा मारतो का? साहेब म्हणाले, "नाही, तोच तर फायदा."

आता इथे. एका कॅफेच्या तळघरात आठवड्यातून तीन संध्याकाळी कोणीही उभं राहून पाच मिनिटं बोलू शकतं. खुर्च्या तीस, माणसं चौदा, त्यातली नऊ स्वतःचा नंबर यायची वाट बघणारे कॉमेडियन. कॉमेडियन दुसऱ्याच्या जोकला हसत नाही, वहीत काहीतरी लिहितो. सगळ्यांत मोठा तेवीस वर्षांचा. मला 'काका' म्हणतात.

माझी अडचण काय सांगू. रेडिओवर तीन सेकंद शांतता झाली की काचेपलीकडून इंजिनीअर मूठ दाखवायचा. त्या मुठीच्या धाकात जन्म काढला. इथे जोक संपला की थांबायचं असतं, लोकांना हसायला जागा द्यायची असते. मला थांबताच येत नाही. कोणी हसायला तोंड उघडलं की मी त्यात पुढचं वाक्य कोंबतो. एक पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही जोक सांगत नाही, बातम्या देता."

सलग सहा वेळा आपटलो. सातव्या वेळी बोलायलाच काही उरलं नाही, म्हणून तुझी लिफ्टवाली बाई सांगितली. 'माझी ताई' म्हणून. 'आज बरं नाही वाटतं तिला' म्हटलं आणि चौदाच्या चौदा हसले. कॉमेडियनसुद्धा! एकाने वही खाली ठेवली.

पोरी, मी पंचेचाळिसाव्या वर्षी खोलीवर येऊन आरशात बघून रडलो. घसा बसेपर्यंत.

आणखी काही आहे का ताईचं? असेल तर लिही. तिला कळणार नाही. या तळघरात कोणाला ती ओळखू येणार आहे?

मामा


२४ जानेवारी

मामा,

तू हसवलंस हे वाचून मला बरं वाटलं आणि भीती पण वाटली. आईला कळलं तर काय होईल? पण बाबांबद्दल काही नाही ना सांगत तू? तेवढं कधीच सांगू नकोस.

दोन आहेत.

एक. गॅसवाल्यांच्या फोनवर रेकॉर्ड लागते, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' आई म्हणाली, "मग उचल की." परत तेच वाजलं. आई म्हणाली, "तोंडदेखलं बोलू नकोस." अर्धा तास भांडली. शेवटी खरा माणूस आला तर आई त्याला म्हणते, "तुम्ही थांबा, मी आधी त्या बाईंशी बोलतेय."

दोन. दवाखान्यात वजन करायला सांगितलं तर ती पर्स काखेत मारूनच काट्यावर चढते. आकडा बघते आणि म्हणते, "एवढं सगळं पर्सचं आहे."

दवाखान्यात का, तर बीपी वाढलंय थोडं. गोळ्या दिल्यात. ती म्हणते गोळ्यांनी झोप येते, म्हणून एक दिवसाआड घेते. मी रागावले, पण माझं रागावणं कोणाला ऐकू येतं?

ती रोज सातला रेडिओ लावते. दोन गाणी ऐकते.

गोगलगाय


६ फेब्रुवारी

गोगलगाय,

पर्सवर टाळ्या! हशा नाही म्हणत मी, टाळ्या!

तळघरात आता लोक विचारतात, "काका, आज ताई आहे का?" मी 'माझी ताई' एवढं म्हटलं तरी पुढची रांग हसायला तयार. इथल्या मॅनेजरबाईंनी मला दहा मिनिटं दिली, शनिवारची, तिकीटवाली. म्हणाल्या, "तुमचं बाकी सगळं टाका, फक्त ताई ठेवा." बाकी सगळं म्हणजे मी. चालेल. मी एवढी वर्षं स्वतःबद्दल बोललो, कॉम्प्युटर लावला त्यांनी.

आता नीट ऐक. लोक परत परत येतात, त्यांना नवीन लागतं. शनिवारला एक तरी नवी ताई पाहिजे. तुझं पाकीट मी विंगेत उघडतो, नाव पुकारायच्या जरा आधी, म्हणजे ताजं राहतं. ज्या शनिवारी पाकीट नाही त्या शनिवारी मी लोकांसमोर नागडा उभा आहे असं समज. दुसरी नोकरी मला कोण देणार? मला बोलण्याशिवाय काय येतं? हे गेलं तर मी संपलो, खरंच संपलो, हा जोक नाही.

ताईला म्हणावं गोळ्या रोज घे. म्हणजे, मी सांगितलं म्हणू नकोस.

मामा


२७ फेब्रुवारी

गोगलगाय,

तीन शनिवार पत्र नाही. पहिल्या दोन्ही वेळी जुनंच उगाळलं. तिसऱ्या वेळी मागून एकजण म्हणाला, "लिफ्ट झाली काका, वरचा मजला येऊ द्या." त्यावर मला मिळाला नाही एवढा हशा त्याला मिळाला. मॅनेजरबाई नजर चुकवतात.

रागावलीस का? ताईने पकडलं का? एक ओळ लिही. काहीही लिही.

मामा


३ मार्च

मामा,

सॉरी. दुकानात गर्दी होती. हल्ली मी चिंध्या टाचायचं काम घरीच आणते, मालक पोऱ्याबरोबर कपड्यांचं गाठोडं पाठवतात. तेच बरं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू दुपारी येऊन बसतात, मग वेळ जातो.

आईचं ऐक. जिन्यातला दिवा तीन आठवडे गेलेला. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून सांगून आई दमली. शेवटी स्वतः शिडी लावली आणि चढली वर. तेवढ्यात सेक्रेटरी खालून चालले होते. आई म्हणाली, "जरा शिडी धरा." त्यांनी धरली. धरली म्हटल्यावर सुटता येईना. मग आईने वरून बोलायला सुरुवात केली. पाण्याची टाकी, पार्किंग, कचरा, त्यांच्या मुलाची मोटरसायकल. पाऊण तास. सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, उतरा आता." आई म्हणते, "उतरले की तुम्ही पळाल." सगळे मजले दारं उघडून ऐकत होते. दिवा लावलाच नाही तिने. म्हणाली, "दिवा काय, उद्या येऊन तुम्हीच लावाल." आणि लावला त्यांनी.

बाकी सगळं ठीक.

गोगलगाय


१२ मार्च

गोगलगाय,

शिडी! शिडीने कमाल केली. मी स्टेजवर खुर्चीवर चढून करतो तो प्रसंग. 'उतरले की तुम्ही पळाल' म्हटलं की लोक खुर्च्यांवर हात आपटतात. आणि बघ, मला थांबायला जमायला लागलंय. त्या ओळीवर मी तीन सेकंद थांबतो, मनातल्या मनात मोजतो. मूठ दिसत नाही.

आता बसून वाच. माझा पूर्ण अर्ध्या तासाचा कार्यक्रम रेकॉर्ड होतोय आणि तो रेडिओवर लागणार आहे. माझ्याच स्टेशनवर! ज्या साहेबांनी घालवलं त्यांनीच फोन केला, म्हणाले, "तुमची ती ताई फार चालतेय म्हणे." ५ एप्रिल, रविवार, सकाळी अकरा.

ताईला ऐकव. तिला कळू दे की तिच्या भावाने तिचं काय सोनं केलंय. बाबांचा एक शब्द नाही त्यात, भावोजींची शपथ. तिने ऐकलं आणि एकदा जरी हसली तरी मी तिच्या दारात येऊन नाक घासायला तयार आहे.

तुला एक विचारायचं होतं. जाऊ दे. त्याआधी मला दोन तरी नवीन पाठव, अर्धा तास भरायचाय.

मामा


२० मार्च

मामा,

एक आहे. खाली एक गाडीवाला हॉर्न वाजवत बसला होता. आई गॅलरीत गेली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की त्याने हॉर्न तर थांबवलाच, गाडीची काच पण वर केली. मागच्या तीन गाड्यांनीही केली. समोरच्या इमारतीतल्या माणसाने आपला टीव्ही बंद केला. आई आत आली आणि म्हणाली, "मी काही बोलले का?"

दुसरं सुचत नाही.

गोगलगाय


६ एप्रिल

मामा,

काल तुझा कार्यक्रम ऐकला. आम्ही दोघींनी.

आता मी जे लिहिणार आहे ते आधी पूर्ण वाच. मधे थांबू नकोस आणि यात जोक शोधू नकोस.

११ फेब्रुवारीला आई स्वयंपाकघरात पडली. मी अंघोळीला गेले होते, ताट पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर ती ओट्याखाली बसलेली, एक बाजू लोंबल्यासारखी, तोंड वाकडं, आणि माझ्याकडे बघत काहीतरी बोलायला बघत होती. मी फोन घेतला. अॅम्ब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडून बाई म्हणाली, "बोला." मामा, मला बोलता आलं नाही. ती "बोला, बोला, पत्ता सांगा" म्हणत होती आणि माझ्या घशातून हवा पण येईना. तिने फोन ठेवला. मी परत लावला. परत तसंच. तिसऱ्या वेळी ती बाई रागावली, म्हणाली लाईन कशाला अडवताय. आई खालून हे सगळं बघत होती.

मग मी ओल्या अंगाने दोन मजले उतरून शिंपीणकाकूंचं दार बडवलं. त्या घरी नव्हत्या. मी तिथेच पायरीवर थांबले. बाकीच्या दारांची बेल का वाजवली नाही ते मला विचारू नकोस. मी वाजवू शकले नाही. त्या आल्या तेव्हा बराच वेळ गेला होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर." काकूंना म्हणाले, मला नाही. पण मी तिथेच उभी होते.

आईची उजवी बाजू गेली. बोलणं पूर्ण गेलं. एक अक्षर नाही. घरी येणाऱ्या नर्सने शिकवलंय, डाव्या हाताने गादीवर एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ती सगळं ऐकते, सगळं समजते, फक्त बोलत नाही. आता घरात आम्ही दोघी आहोत आणि दोघींनाही बोलता येत नाही.

मी तुला हे कळवणार होते. तीन वेळा लिहायला घेतलं. पण आईने आधीच सांगून ठेवलेलं, त्याला काही कळवायचं नाही. आणि कळवलं असतं तर ती अॅम्ब्युलन्सची गोष्ट पण लिहावी लागली असती. मग तुझं पत्र आलं, तू संपलास म्हणून. मग मला वाटलं, एकजण तरी वाचू दे. म्हणून मी नर्स आणि पोस्टमन लिहायचे तशी आई लिहिली. शिडी खोटी. हॉर्न खोटा. मी आईच्या पलंगाला टेकून बसून लिहिलं, 'आई शिडीवर चढली.' लिहिताना मला छान वाटत होतं, ते सगळ्यांत वाईट. त्या पत्रात ती बोलत होती ना.

काल अकराला रेडिओ लावला. तुझा आवाज आला तसा आईने डोळे मोठे केले. लिफ्टवाली बाई आली तेव्हा तिच्या ओठाची डावी कड वर गेली. माझी शपथ, हसली. पर्सला पण. मग शिडी आली. तिने हळूहळू मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. लोक हसतायत, हसतायत, आणि आई माझ्याकडे बघतेय. तिला कळलं कोणी लिहिलं ते. मग थाप. दोनदा. मग परत दोनदा. मी रेडिओ बंद करायला उठले तर त्यालाही दोन थापा. म्हणून चालू ठेवला. हॉर्नवाला भाग पण ऐकला तिने, ज्यात ती एवढ्या मोठ्याने ओरडते. टाळ्यांपर्यंत ऐकला. तिचा उजवा डोळा मिटत नाही, त्यातून पाणी येतच असतं, त्यामुळे रडली का ते मला सांगता येणार नाही.

पंधरवड्यात शिंपीणकाकू मुलीच्या बाळंतपणाला जातायत. मग मी एकटी. मला आई उचलवत नाही, मामा. मला काय करावं तेच कळत नाही.

गोगलगाय


१७ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र मी विंगेत उघडलं. सवयीने. ओळी चाळत होतो, नवीन ताई कुठेय म्हणून. तू लिहिलंयस जोक शोधू नकोस, ती ओळ वाचायच्या आधी मी शोधत होतो.

मग नाव पुकारलं. पाय गेले तसा गेलो. समोर दोनशे माणसं, तळघर नाही आता. 'माझी ताई' म्हटलं, हसले. मग मला दुसरं काही येईना. मी म्हटलं, "माझी ताई बोलत नाही आता." प्रचंड हशा. हॉर्नवाली ताई ना ती, रविवारी रेडिओवर सगळ्यांनी ऐकलेली. मी म्हटलं, "नाही, खरंच. फेब्रुवारीत पडली. आवाज गेला." आणि मी थांबलो. मुद्दाम नाही. पुढे काही नव्हतंच. ते थांबणं, जे मला सुरुवातीला जमतच नव्हतं, ते एवढं चोख जमलं की मागची रांग उठून हसायला लागली. मी म्हणत होतो, "अहो हसू नका, माझी बहीण आहे ती." त्यावर तर टाळ्या. शेवटी माइक स्टँडला लावून उतरलो. मॅनेजरबाईंनी पाठीवर थाप मारली, म्हणाल्या, "हे वेगळंच काढलंत आज, हे ठेवा."

मी ठेवणार नाही. परत जाणार नाही त्या स्टेजवर. पण हे मोठेपणाने सांगत नाहीये, कारण तुला आणखी एक सांगायचंय. ते सांगायला सहा दिवस लागले, पाच कागद गेले.

ताई शिडीवर चढत नाही. ती स्टुलावरसुद्धा चढत नाही. लहानपणी ती चिंचेच्या झाडावरून पडली, तेव्हापासून वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची. मी सात वर्षांचा, ती बारा, आणि डबे मी काढायचो. तुझ्या पत्रातली पहिली ओळ वाचली तेव्हाच मला कळलं की हे खोटं आहे. आणि खोटं लिहायची वेळ तुझ्यावर आली म्हणजे घरात काहीतरी झालंय, हेही कळलं. एवढा मूर्ख नाही मी. 'एक विचारायचं होतं, जाऊ दे' लिहिलं ते तेच. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग शिडी सांगता आली नसती.

शिडी फार चांगली होती, गं.

तू फोनवर बोलू शकली नाहीस, ते तुझ्या गळ्याचं. मला सगळं बोलता येत होतं आणि मी विचारलं नाही. ताई पडली ते बघायला तू होतीस तरी. त्या पायरीवर बसलेल्या पोरीला जर कोणी काही म्हणालं, तुझ्या डोक्यातलं कोणीही, तर त्याला म्हणावं आधी माझ्या मामाला विचार.

मी येतो. कायमचा येतो. सामान एका बॅगेत मावतं. पण ताईने मला दारातून घालवलं होतं, आणि आता ती दार लावायला उठूही शकत नाही. अशा वेळी आत शिरणं म्हणजे परत तेच, तिला न विचारता तिच्यावर उभं राहणं. तू तिला विचार. मला खरं उत्तर कळव. ती नाही म्हणाली तर मी येणार नाही, इथे काहीतरी काम बघेन आणि तुम्हाला लागेल ते पाठवत राहीन.

वाट बघतो.

मामा


२१ एप्रिल

मामा,

काल तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मोठ्याने. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी तीन वेळा घसा अडकला, पण पूर्ण वाचलं. झाडावरून पडल्याचं आलं तेव्हा तिने डोळे मिटले, म्हणजे डावा मिटला.

मग विचारलं, "मामाला येऊ दे?"

दोन थापा.

मला वाटलं दमली असेल. संध्याकाळी भात भरवून झाल्यावर परत विचारलं. दोन थापा. जोरात.

आज सकाळी तुला पत्र लिहायला बसले. लिहिलं, 'आईने एक थाप मारली, आणि मग माझा हात धरून ठेवला.' फार छान झालं होतं ते पत्र. खिडकीतलं ऊन पण घातलं होतं त्यात. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि मग पाकिटासकट फाडलं.

आई नाही म्हणाली. तिचा राग गेलेला नाही. कदाचित जाणार पण नाही, आणि तिला त्याचा हक्क आहे.

पण तू तिला विचार म्हणालास. मला कोणी विचारलंच नाही.

मी म्हणतेय, ये.

हे मी आईला पण सांगितलं. तिच्यासमोर उभी राहून सांगितलं, "मी त्याला बोलावतेय, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी." तिने दोन थापा मारल्या. मी म्हटलं, "मारत राहा." मग तिने मारल्या नाहीत. नुसती बघत राहिली माझ्याकडे. एवढं मोठ्याने मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

तू आलास तर ती तोंड फिरवेल. फिरवू दे. माफी वगैरे मागू नकोस, रडू नकोस, तिला हसवायला तर अजिबात जाऊ नकोस. आणि यातलं काही, एक ओळसुद्धा, कुठल्याही माणसासमोर कधीही सांगायची नाही. हे कबूल असेल तरच ये.

काकू शनिवारी गेल्या की चादर बदलताना मी एकटीच असेन. आईला कुशीवर धरून ठेवलं तर चादर ओढायला हात उरत नाही, आणि चादर ओढायला हात सोडला तर ती घसरते. काल करून बघितलं. घसरली. तिला लागलं, आणि ओरडता आलं नाही.

शनिवारी ये. दार नुसतं लोटलेलं असेल. आल्यावर आधी हात धू, आणि काही न बोलता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहा.